पाठमोरी

माझ्या पत्नीचा एकही फोटो नव्हता. "यंदा नको, पुढल्या वर्षी काढू," असं तीच म्हणायची, आणि मलाही शाळेच्या वह्यांतून डोकं वर काढायला सवड नसे. ती तापाने गेली आणि घरात तिच्या तोंडवळ्याचं काहीच उरलं नाही. वर्षश्राद्धाला हार घालायचा तो कशाला? त्या एका प्रश्नापायी मी तैलरंग शिकायला गेलो.

खंडाळ्याच्या वाटेवर एक वृद्ध चित्रकार एकटेच राहत. छातीच्या दुखण्यामुळे मुंबई सोडून आलेले. माझा हेतू ऐकून ते म्हणाले, "चेहरा मागाहून. आधी पाणी."

त्यांच्या भिंतीवर एक विलायती छापील चित्र होतं. डोंगरांच्या कुशीतलं तळं, उतरतं ऊन, धुकं आणि काठावर पाठमोरा इवलासा माणूस. त्या धर्तीवर मी वळवणचं तळं काढू लागलो. आधी टर्पेंटाइनमधला पातळ थर, तो वाळला की जवसाच्या तेलातला. पावसाळ्यात काही वाळत नसे. कॅनव्हास शेगडीशी, ओल्या धोतरांशेजारी उभा करून ठेवायचा. पांढरा जास्त झाला की चित्रकार म्हणत, "मास्तर, हे धुकं नव्हे, पिठलं झालं. वाढून घ्या."

संध्याकाळी मी तळ्यावर जाई. पाणी पाहायला म्हणून जाई आणि पाण्याकडे न पाहता परत येई.

काठावर मी तिला बसवलं, हिरव्या लुगड्यात, पाठमोरी. चेहरा मला अजून येत नव्हता. त्या दिवशी जवसाचं तेल संपलेलं, मुंबईहून यायला वेळ लागणार आणि श्राद्ध जवळ आलेलं. तिच्या रंगात मी स्वयंपाकघरातलं खुरासणीचं तेल घातलं. आमच्या मावळात सगळं त्याच तेलात होतं. डोंगर वाळले, पाणी वाळलं. ती तेवढी ओलीच राहिली. चिलटं येऊन तिच्या पाठीला चिकटत आणि मी ती सुईने काढत बसे.

श्राद्धाला सासूबाई तळेगावहून आल्या. जेवणं आटोपून माणसं गेल्यावर त्या चित्रापुढे उभ्या राहिल्या.

"हात नका लावू, ओलं आहे," मी म्हणालो.

"ही ती?"

"हो."

"तोंड कुठाय?"

"पाठमोरी आहे."

"माझी लेक कुणाकडे पाठ करून बसायची नाही हो. उलट समोर बसून भंडावून सोडायची." मग त्या म्हणाल्या, "माझं तोंड बघून काढता येईल का? नाक माझंच होतं तिचं."

इतक्या वर्षांत त्या जावयासमोर कधी बसल्या नव्हत्या. दाराआडूनच बोलत. आता पाट ओढून उजेडात बसल्या आणि पदर थोडा मागे घेतला. मी पेन्सिल घेतली. नाक खरंच तिचं होतं. ते उतरलंही बरं. मग मी डोळ्यांकडे आलो. ते सासूबाईंचे होते, रडून लाल झालेले. ओठही त्यांचेच. तिचे कसे होते ते आठवायला मी डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ मिटूनच राहिलो.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाक झालं," मी म्हणालो.