वंशावळीत न बसणारी बाई

माझा थोरला चुलतभाऊ सुरतेला एका कापडगिरणीत साहेब होता. निवृत्त झाला आणि त्याला पूर्वज आठवले. तोवर धानोऱ्याच्या घरी तो लग्नकार्यापुरता यायचा, तेही पंगत बसायच्या वेळेला. आता तो लॅपटॉप घेऊन आला. त्यात वंशावळीचं सॉफ्टवेअर होतं आणि आमचं सगळं कुळ चौकटीचौकटींत टांगलेलं होतं. पुरुषांच्या चौकटी निळ्या, बायकांच्या गुलाबी. निळ्या भरलेल्या होत्या. गुलाबींत बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘पत्नी’.

चौकट उघडली की खाली ‘जीवनकथा’ असा रकाना होता. दादाने त्या कथा सुरतेत बसूनच लिहिल्या होत्या. पणजोबा ‘शूर, न्यायप्रिय आणि गोरगरिबांचे कैवारी’. त्यांचे दोन्ही भाऊही न्यायप्रिय. आमचे एक काका आयुष्यभर ओसरीवरच्या खाटेवर पडून बायकोकडे पाणी मागत राहिले, ते ‘कर्मयोगी’.

“हे तुला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“अगं, मजकूर सुधारायचं बटण आहे त्यात. दोन ओळी टाकायच्या, बाकी तेच छान करून देतं.”

मी नंदुरबारला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. मला मराठी टायपिंग येतं, एवढ्या पात्रतेवर दादाने आत्याकडून जुन्या गोष्टी काढून घ्यायचं काम माझ्यावर टाकलं आणि वंशावळीचा पासवर्ड दिला. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण, नव्वदीला टेकलेली, विधवा झाल्यापासून धानोऱ्यालाच राहणारी. “शुद्ध मराठीत लिही हं,” दादा जाताना म्हणाला. “अहिराणी नको. लोक हसतात.”

आत्याजवळ मी चार दुपारी बसले. पहिल्या तीन दुपारी तिने कोणी कोणाशी भांडून चूल वेगळी केली ते सांगितलं. त्यातलं काही दादाच्या रकान्यात बसणारं नव्हतं. चौथ्या दिवशी मी आजोबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, चौकट उघडली आणि त्यांच्या आईबद्दल विचारलं.

“मन्हा बापनी माय बायंतपनमा गयी,” आत्या म्हणाली. “तो पोऱ्या कोना दूधवर वाचना, ते लिखं का?”

मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं.

कापूस वेचायला तोरणमाळकडून माणसं उतरली होती. त्यांत एक पावरा आदिवासी बाई होती, तिच्या कडेवर तिची तान्ही मुलगी. पणजोबांनी तिला वाड्यात नाही, मागच्या गोठ्यात ठेवून घेतलं. दोन वर्षं तिने आजोबांना अंगावर पाजलं. दोघांना पुरेल इतकं दूध तिला येत नव्हतं. तिच्या मुलीला शेळीचं दूध द्या, असं पणजोबांनी सांगितलं.

“तिनी पोर मरी गयी,” आत्या म्हणाली. “मन्हा बाप वाचना.”

मुलगा अन्न खायला लागला तसं बाईला लुगडं देऊन परत पाठवलं. तिच्या हातचं पाणी घरात कधी कोणी प्यालं नव्हतं. पुढे दर होळीआधी ती एकदा उतरायची, पदरात चारोळ्या घेऊन, आणि अंगणाच्या कडेला बसायची. पणजोबा शेतात गेले की आजोबा, तेव्हा चार पोरांचे बाप, बाहेर येऊन तिच्या पाया पडायचे.

“मी मन्हा डोयाघाई देखेल शे,” आत्या स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करत म्हणाली.

“तिचं नाव काय होतं?”

आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मान खाली घातली. “नाव कोन इचारी?”

मी सगळं टाइप केलं आणि दादाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “छान आहे. पण ती वंशात येत नाही ना. सॉफ्टवेअर घेत नाही असलं.”

सॉफ्टवेअर घेत होतं. नात्यांच्या यादीत जन्मदाती होती, दत्तक होती, सांभाळ करणारी होती आणि दूधआईसुद्धा होती. कुठल्या तरी परक्या माणसाने बनवलेल्या त्या यंत्राचं मन आमच्या न्यायप्रिय कुळापेक्षा मोठं होतं. मी चौकट जोडली. संध्याकाळी ती गायब. मी पुन्हा जोडली. दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड चालेना.

महिन्याभराने दादाने नंदुरबारच्या एका मंगल कार्यालयात कुळाचा मेळावा घेतला. पडद्यावर वंशावळ, दाराशी फेटे. सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून आत्याला शाल दिली आणि दोन शब्द बोलायला माईक दिला. ती आशीर्वाद देईल असं दादाला वाटलं असणार. आत्याने माईक दोन्ही हातांत धरला, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आठे ती माय कोठे शे?”

मग तिने सांगितलं, अहिराणीतच. गोठा, शेळी, मेलेली मुलगी. पुढच्या रांगेतले फेटे मोबाइलमध्ये घुसले. एका सुनेने डोळ्यांना पदर लावला. तिच्या नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. दादा हसत हसत पुढे आला, आत्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाला, “वयोमानाने होतं असं. चला, जेवण तयार आहे.”

सगळे उठले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. मीही उठले. आयुष्यभर पोरांना ‘खरे बोलावे’ फळ्यावर लिहून देणारी मी ताट घेऊन रांगेत उभी राहिले. दादाचा मला राग आला, पण किळस आली ती माझीच.

त्या किळशीपायीच मी होळीच्या आधी तोरणमाळला गेले. बस घाट चढून गेली. बाजाराच्या दिवशी चारोळ्या विकणाऱ्या एका वयस्क बाईशेजारी मी बसले आणि जमेल तसं सांगितलं. तिला मराठी चांगली येत होती.

“नाव?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“गाव? पाडा?”

“इकडचीच होती.”

“तिच्या पोरीचं नाव?”

मी नकारार्थी मान हलवली. ती हसली. आमच्या घरात मी हे हसू पुष्कळदा पाहिलं होतं, फक्त तिथे हसणारे नेहमी आम्ही असायचो.

“तीन पिढ्यांनी विचारायला आलात,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच आलात ना? तिच्यासाठी नाही.”

आणि तिने मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

परत आल्यावर मी तेच सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर घेतलं. दादाचे कर्मयोगी त्यात घेतले नाहीत. पहिली चौकट त्या बाईची केली, तिच्याखाली तिची मुलगी, तिच्या शेजारी आजोबा. नावाचा रकाना रिकामा ठेवला तर ते पुढे जाईना. मी लिहिलं, ‘आम्ही विचारलं नाही’. मायलेकींच्या दोन्ही चौकटींत तेच लिहिलं. मग आत्याला वाचून दाखवलं, तिच्याच अहिराणीत, आणि एके ठिकाणी तिने मला थांबवून चूक दुरुस्त करायला लावली. शेळी काळी नव्हती, म्हणाली, पांढऱ्या ठिपक्यांची बांडी होती.