गोडंबीच्या जागी हेझलनट

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे दारव्ह्याला आली होती. बाळ वीस दिवसांचं झालं होतं. मी पोस्टातून निवृत्त झालेली, हाताशी वेळ भरपूर आणि प्रत्येक गोष्टीत आपलंच खरं करायची जुनी खोड. डिंकाचे लाडू करायला बसले तर डब्यात गोडंबी निम्मीच निघाली. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीमधला गर. आमच्याकडे तिच्याशिवाय बाळंतिणीचा लाडू होत नाही. ती काढणं मात्र जोखमीचं. बिब्ब्याचं तेल कुठे लागलं की अंग सुजतं, खाज सुटते, फोड येतात. त्याला आम्ही बिब्बा उतला म्हणतो.

जावयाच्या बहिणीने परदेशातून हेझलनट नावाच्या, बदामासारख्या सुक्या मेव्याचं एक पाकीट आणून दिलं होतं. ते मी मोबाईलवर शोधून पाहिलं. हृदयाला चांगलं, ई जीवनसत्त्व भरपूर, चरबी आहे पण चांगल्यातली, पोटही साफ राहतं. मी खूश झाले. खाली कोणी खाऊ नये याच्याही काही ओळी होत्या, त्या मी अंगठ्याने वर सारल्या. इतक्या गुणाच्या वस्तूत वाईट काय असणार, असं वाटलं. उरलेली गोडंबी आणि मूठभर हेझलनट एकत्र कुटून लाडू वळले.

सकाळी दहाच्या सुमारास मुलीने लाडू खाल्ला. अर्धा झाला असेल, तोच म्हणाली, "आई, मले तोंडात कसंतरीच होऊन राह्यलं. ओठ खाजतात."

पाहिलं तर वरचा ओठ जाड झालेला. मानेवर लाल गांधी उठायला लागल्या होत्या. मी लगेच निकाल दिला. "बिब्बा उतला तुले. गोडंबी इकणाऱ्यानं नीट काढली नसंन." त्यावरचा आमचा इलाज ठरलेला. खोबरं आणि तीळ चावून खायचे, खोबरेल चोळायचं. मी खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातात दिला आणि मानेला तेल लावत बसले. ती म्हणाली, "आई, पुण्याले ते दाणेवालं चॉकलेट खाल्लं होतं ना, तवाही असंच खाजलं होतं." ते तिने मला होस्टेलवरून फोनवरही सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, चॉकलेटं कमी खा. आता म्हटलं, "बोलू नको, खोबरं चाव."

किती मिनिटं गेली ते मला आजही धड सांगता येत नाही. दहा असतील, पंधरा असतील. तिला खोबरं गिळता येईना. तिने ते हातावर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज घोगरा झाला होता. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बिब्बा उतलेली माणसं मी जन्मभर पाहिली होती, पण श्वास अडलेलं एकही पाहिलं नव्हतं. आपण हिला मारतो आहोत, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

ह्यांची खाजगी नोकरी यवतमाळला, रोजचं जाणं-येणं, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. शेजारचे भाऊ गॅरेज चालवतात. मी दारातून हाक मारली तसे ते दुरुस्तीला आलेली कोणाची तरी गाडी घेऊन आले. त्यांच्या बायकोने बाळ माझ्या हातातून घेतलं. "भाभी, बसा जल्दी. बेटा, डोळे उघडे ठेव," एवढंच ते बोलले. दवाखाना पाच मिनिटांवर, पण आठवडी बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर जीपा, बैलगाड्या, भाजीचे ढीग. भाऊंनी हॉर्नवरचा हात काढला नाही. मी मुलीची छाती वरखाली होते की नाही तेच बघत होते. मध्येच ती थांबली असं वाटलं आणि मी तिला जोराने हलवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हटलं, "गोडंबी. बिब्बा उतला." त्यांनी पुन्हा विचारलं, "अजून काय होतं त्यात?" तेव्हा कुठे हेझलनटचं सांगितलं. त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही, सरळ मांडीत इंजेक्शन दिलं.

हळूहळू शिट्टी कमी झाली. नंतर ते मला बाहेर नेऊन म्हणाले, "काकू, वस्तू चांगली आहे. बहुतेकांना काही होत नाही, थोडी खाल्ली तर फायदाच. पण ज्याला तिची ॲलर्जी आहे त्याला एक दाणाही पुरे. खोबऱ्यात वेळ घालवला, हे वाईट केलं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. बाळाचं काय, दूध पाजलं तर चालेल का, त्यालाही असं होईल का, मी विचारत सुटले. दूध पाजा, ते म्हणाले. पुढचं आज कोणालाच सांगता येणार नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मला ताकाचीही हिंमत राहिली नाही. लाडवांचा डबा मी खड्डा करून पुरला. ती सासरी गेल्यावर फोन वाजला की मी आधी विचारायचे, आज काय खाल्लं.

सहा महिन्यांनी बाळाचं उष्टावण होतं. खीर आजीनेच करावी, असं तीच म्हणाली. तांदूळ, दूध, साखर, एवढंच घातलं. पाट मांडला, वाटी पुढे ठेवली. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "आई, यात काय काय आहे?" मी तीन नावं सांगितली. "बस्स?" "बस्स."

तिने वाटी जवळ ओढली. बाळ तिच्या मांडीवर हात नाचवत होतं. मग तिने पहिला चमचा स्वतःच्या तोंडात घातला आणि थांबली. तिच्या सासरचे हसले, आईलाच भूक लागली म्हणाले. मी हसले नाही. मी तिचे ओठ बघत उभी राहिले, आणि तीही माझ्याचकडे बघत होती.