न उघडलेला गिअरबॉक्स

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. एका जुन्या गाडीच्या बिघाडाची गोष्ट आहे. तुम्हाला वाटेल, यात लपवण्यासारखं काय असणार? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. वाटत होतं म्हणजे – मी तसं वाटून घेत होते.

आधी बाबांविषयी सांगते. बाबा उरणकडचे, मिठागरवाल्या घरातले. पण मिठागरात त्यांचं मन कधी रमलं नाही. न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं तसे ते ट्रेलरवर गेले आणि उमेदीची सगळी वर्षं कंटेनर ओढण्यात घालवली. बोलणं फार कमी. स्वतःचं कौतुक तर नाहीच – एक गोष्ट सोडून. त्यांचा हात. “गिअर बदलला तो गाडीला पन कलला नाय पायजे,” असं म्हणायचे, आणि खरंच त्यांच्या शेजारी बसलं की कळायचं नाही. म्हातारपणी आई-बाबा सुकापूरला आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर राहायला आले. गाव सुटलं, ट्रेलर सुटला, पण मंगळवारची फेरी सुटली नाही. उरणकडच्या गावात माझी मावशी अंथरुणाला खिळलेली. अर्धं अंग लुळं पडलेलं. दर मंगळवारी बाबा माझी गाडी काढायचे आणि आईला तिच्याकडे न्यायचे. आई तिची वेणी घालायची, तिला भरवायची, संध्याकाळी दोघं परत. मी कामावर कंपनीच्या बसने जायचे, त्यामुळे गाडी तशीही उभीच असायची.

ही गाडी मी हट्टाने घेतलेली होती. सुहासला, माझ्या नवऱ्याला, कर्ज काढून नवी हवी होती. “सेकंड हॅन्ड गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं,” तो म्हणाला होता. मी ऐकलं नाही. घरात शहाणी, व्यवहारी, सगळं तपासून घेणारी अशी माझी ख्याती. ती मला फार प्रिय होती. आता लिहितानाही लक्षात येतं, मी पुन्हा मुद्द्याच्या कडेकडेनेच चालले आहे.

सर्व्हिसिंगच्या वेळी जुन्या पनवेलमधल्या आमच्या रफिकभाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. “मॅडम, गिअरबॉक्सचं सील गळतंय. ऑइल उतरत जाणार. लवकर बदलून घ्या.” मी हो म्हटलं. मग कधी पाहुणे, कधी ऑडिट, कधी नुसता कंटाळा. पार्किंगमध्ये गाडीखाली काळा डाग दिसायला लागला. सोसायटीत कुणी बोलू नये म्हणून मी त्याच्यावर एक पुठ्ठा टाकला. पुठ्ठा टाकायचं सुचलं मला – सील बदलायचं नाही.

आणि बाबांना सांगायचंही नाही.

त्या मंगळवारी गव्हाण फाट्याजवळ, कंटेनरच्या रांगांमध्ये, गाडीचा गिअर अडकला. आत काहीतरी करकरलं आणि गाडी जागीच थांबली. मागून ट्रेलरचे हॉर्न. बाबांनी उतरून, चारचौघांना हाक मारून गाडी कडेला घेतली. आईला सावलीत बसवलं आणि मला फोन केला. मी गाडी उचलून न्यायची सोय केली, त्यांना रिक्षाने घरी पाठवलं आणि कामावरून परस्पर गॅरेजला गेले.

रफिकभाईंनी गिअरबॉक्सचा बोल्ट काढून दाखवला. खालच्या भांड्यात जेमतेम काही थेंब पडले, काळे, जळका वास येणारे. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “सुका चाललाय, मॅडम. मी बोललो होतो ना?” मी मान हलवली. नेमकं काय झालंय, कशामुळे झालंय आणि कुणामुळे, हे तिथे उभ्या उभ्या मला पूर्ण माहीत होतं. हे लक्षात ठेवा. माझा गैरसमज वगैरे झालेला नव्हता.

घरी आले तर आई-बाबा वरच, आमच्याकडे बसलेले. सुहासने विचारलं, “काय निघालं?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. पण मला तो ऐकू आला. आता म्हणेल, दुसऱ्याचं दुखणं. आता म्हणेल, तुला सांगितलं होतं. आणि मी – अगदी सहज, पर्स टेबलावर ठेवता ठेवता – म्हणाले, “गिअर झिजलेत. बाबांचा ट्रेलरचा हात ना. छोटी गाडी ती, एवढा जोर कसा सोसेल?”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “असंल. हात जड झाला असंल माजा.”

ते भांडले असते तर? “काय बोलतेस पोरी” एवढं जरी म्हणाले असते, तर कदाचित मी कबूल केलं असतं. पण ते भांडले नाहीत. आपली मुलगी खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातच आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती कशी करायची ते ठरवायचं होतं. दोन रस्ते होते. एक, आहे तोच गिअरबॉक्स उघडायचा, जळलेली बेअरिंग आणि झिजलेले गिअर बदलायचे. वेळ जास्त, पण काम पक्कं. दुसरा, तो तसाच फेकून द्यायचा आणि भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा जुना बॉक्स आणून बसवायचा. रफिकभाईंचं मत ठाम होतं. “उघडून करू. आपल्या बॉक्सचा आजार आपल्याला माहीत आहे. बाहेरच्याचा काय भरवसा?” मलाही ते पटत होतं.

पण सकाळीच बाबा कपडे करून वर आले होते. म्हणाले, “बॉक्स खोलतील तवा मी येतो. मला बगायचाय कुठचा दात गेलाय. कलंल तरी, माजा हात कुठं चुकतोय.”

त्यांना शिकायचं होतं. त्या वयात. आपली चूक पाहून दुरुस्त करायची होती, म्हणजे पुढच्या मंगळवारी गाडी नीट चालवता येईल.

आणि मला ठाऊक होतं, तो बॉक्स उघडला की बाबा एका नजरेत ओळखतील. जोराने तुटलेला गिअरचा दात वेगळा आणि तेलाविना जळालेला वेगळा. आयुष्य त्यात गेलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नव्हतं.

म्हणून मी भंगारातला बॉक्स घ्यायचं ठरवलं. लवकर होतं, हे कारण दिलं. बाबांना म्हटलं, कशाला दगदग करता. रफिकभाईंना बाजूला घेऊन सांगितलं, बाबांपाशी ऑइलचा विषय काढू नका, त्यांना रक्तदाब आहे, उगीच मनाला लावून घेतील. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “ठीक आहे, मॅडम,” म्हणाले. दोन दिवसांनी बाबा विचारायला आले, “जुना बॉक्स हाय का तितं अजून?” मी म्हटलं, गेला भंगारात. तो तेव्हा गॅरेजमध्येच पडलेला होता. मग मी फोन करून तो खरोखरच उचलायला लावला.

गाडी आली. सोमवारी संध्याकाळी बाबा चावी न्यायला वर यायचे, ते आले नाहीत. मीच खाली गेले. म्हणाले, “नको. परत काय झालं तं तुज्या संसारात वाद. आमी एष्टीनं जाऊ.” दोन-तीन मंगळवार गेले एसटीने. मग चढउतार करून आईचा गुडघा सुजला. मग बाबा मला विचारायला लागले, “रविवारी जमंल का गो?” मी म्हणायचे, बघते. कधी जमायचं, बहुतेक वेळा नाही. त्यांनी लायसन्सची मुदतही संपू दिली. सुहास म्हणाला, बाबा समजूतदार आहेत. मी त्याला दुजोरा दिला.

पावसाळा संपता संपता मावशी गेली. त्याआधी दोन महिने तरी आईने तिला पाहिलं नव्हतं. मयताला जाताना गाडी मी चालवत होते, बाबा मागे आईशेजारी बसले होते. भंगारातला बॉक्स घाटातल्यासारखा घरघरत होता. आई वाटभर म्हणत होती, तिच्या केसांची जटा झाली असेल, तिच्या केसांची जटा झाली असेल. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

तुम्ही म्हणाल, तेव्हा सांगायचं होतं. हो. तेव्हा सांगायचं होतं.

पुढच्या वर्षी बाबा आजारी पडले. फुप्फुसात पाणी झालं, आणि मग सगळं भराभर उतरणीला लागलं. दवाखान्यात एका दुपारी आई डबा आणायला गेली होती आणि मी त्यांच्याजवळ एकटी होते. डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपलेत. एकाएकी म्हणाले, “तुज्या गाडीची वाट लावली मी. आनि तुज्या आयची भईन रायली भेटायची. माज्या हातामुलं.”

दार उघडंच होतं, समजा. एक वाक्य. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, ऐकून कुणी मला नावं ठेवणार नव्हतं. फक्त त्यांनी ऐकलं असतं.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “जाऊ द्या बाबा. मी कधीच विसरले ते. माझ्या मनात काही नाही.”

मी त्यांना माफ केलं. हेच सांगायचं होतं मला, एवढं सगळं फिरून. खोटं बोलले ते वेगळं. माझ्या चुकीसाठी मी त्यांना माफ केलं, आणि त्यांनी ती माफी घेतली. चेहरा सैल पडलेला मी पाहिला. “बरं झालं,” म्हणाले.

आई अजून तळमजल्यावरच राहते. कुणी बाबांची आठवण काढली की सांगते, म्हातारपणी हात चुकायला लागला तशी त्यांनी आपणहून गाडी सोडली, कुणाला बोलायची वेळ आणली नाही. मी समोर असले की माझ्याकडे बघते, म्हणजे मी हो म्हणावं. मी हो म्हणते.