सुभद्रावहिनींनी काहीही नाकारले नव्हते

“शासनाने देऊ केलेली मदत या माउलीने बाणेदारपणे परत केली. पोटच्या मुलाच्या मरणाचा पैसा तिने अखेरपर्यंत नाकारला. अशी निःस्पृह माणसे आता जन्माला येत नाहीत.” सुभद्रावहिनींच्या तेराव्याला, गावातल्या देवळासमोर, ध्वनिवर्धकावरून हे सांगण्यात आले. वक्ते तालुक्याचे पुढारी होते. वहिनींच्या हयातीत ते त्यांच्या दारात एकदाही आले नव्हते. लोकांनी माना डोलावल्या आणि आठवड्याभरात तेच शब्द छापूनही आले. मी उभा राहून “हे खोटे आहे” म्हणालो, तेव्हा दोघातिघांनी माझा दंड धरून मला खाली बसवले. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि चाळीस वर्षे मी वर्गात उभ्याने बोललो आहे. बसवले म्हणून गप्प बसण्याची मला सवय नाही. शिवाय ते चार शब्द, ‘पैसा तिने अखेरपर्यंत नाकारला’, कोठून आले हे गावात माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

वहिनींचे यजमान माझे बालमित्र. ते लवकर गेले. दत्तू हा मुलगा आणि सविता ही मुलगी, दोघेही माझ्याच शाळेत शिकले. सविता काष्टीला दिली. दत्तूने टेम्पो घेतला आणि घोडेगावच्या बाजारातून कांदा भरून तो मोठ्या शहरांत नेऊ लागला. अशाच एका शहराच्या बाजारपेठेत, टेम्पो रिकामा करून तो चहाच्या गाडीपाशी उभा असताना, दहशतवाद्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. दत्तू जागच्या जागी गेला नाही. इस्पितळात तो महिनाभर होता, मग त्याला घरी सोडले आणि घरी आल्यावर जखमा चिघळून तो सतराव्या दिवशी गेला. वहिनींच्या सगळ्या दुर्दैवाचे मूळ या सतरा दिवसांत आहे. इस्पितळातून सुटताना शासनाच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘जखमी’ असे लिहिले गेले होते. तो मेल्यावर ती यादी कोणी बदलली नाही. घरी मेलेला माणूस स्फोटानेच मेला याला पुरावा काय, असे आम्हांला विचारण्यात आले. त्याच्या शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या माणसाच्या कुटुंबाला मृताची मदत मिळाली, दत्तूच्या आईच्या नावे जखमीच्या मदतीचा धनादेश आला. सोबत सही करायचा एक कागद होता. ‘या घटनेबाबत माझी अन्य कोणतीही मागणी राहिलेली नाही’ असे त्यात लिहिले होते.

वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. ओसरीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “गुर्जी, पोरगं जखमी न्हाई, मेलंय. तेवढं त्यांला कळंल असं लिवा. आन् दुसऱ्याला दिलं तेवढंच मला द्या म्हनावं. जास्त नगं.” त्यांचे म्हणणे एवढेच होते. त्यात निःस्पृहता नव्हती आणि लोभही नव्हता. आपल्या मुलाचे मरण इतरांच्या मरणाइतकेच मरण धरले जावे, एवढा साधा न्याय होता. मी पत्र लिहिले. धनादेश परत जोडला आणि वहिनींचा अंगठा घेऊन ते टपालात टाकले.

त्यानंतरची सात वर्षे आम्ही शेवगावला तहसील कचेरीत आणि नगरला जिल्ह्याच्या कचेरीत जात राहिलो. दत्तूच्या टेम्पोची कागदपत्रे ठेवायची एक काळी रेक्झिनची पिशवी होती. इस्पितळातून त्याच्या कपड्यांबरोबर ती परत आली होती. वहिनी सगळे अर्ज तिच्यात ठेवत. अंगठ्याला दरवेळी साक्षीदार लागतो म्हणून पासष्टाव्या वर्षी त्या माझ्याकडे सही शिकल्या. आणि एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला : अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख पडून पोच हातात आल्याखेरीज खिडकीवरून हलायचे नाही. शिक्का पडला की त्या शाईवर हळूच फुंकर घालत, जणू पोराला भाजले आहे… मग घडी घालत. एकदा एक कारकून वैतागून म्हणाला, “आजी, पोच कशाला? विश्वास नाही का माझ्यावर?” वहिनी म्हणाल्या, “इस्वास हाय की, बाबा. पर तुजी बदली हुईल.” सगळी खोली हसली, कारकुनाने मुकाट्याने शिक्का मारला. दुसऱ्या एकाने “साहेब मीटिंगला आहेत, वेळ लागेल” असे सांगितल्यावर त्यांनी पदर सावरून फरशीवर बैठक मारली. “लागू दे. मला कुटं मीटिंग हाय?” त्या चार वाजेपर्यंत बसून राहिल्या. निःस्पृह बाई असे बसत नसते.

आता मला जे लिहायचे आहे ते माझ्याच विरुद्ध जाते, पण दुसऱ्याचे खोटे काढायला निघालेल्याने आपले झाकून चालत नाही. पाचव्या वर्षी नगरच्या कचेरीत एका भल्या कारकुनाने आमची फाइल उघडून दाखवली. पहिल्याच पानावर शेरा होता : ‘अर्जदाराने मदत स्वेच्छेने नाकारली आहे.’ मी संतापाने विचारले, हे कोणी लिहिले? त्याने पान उलटून माझेच पत्र पुढे केले. अक्षर माझे होते. वहिनींनी सांगितलेले त्यात सगळे होते, पण शेवटी मी माझ्या पदरचे एक वाक्य घातले होते : ‘मृत्यूतही डावे-उजवे करणाऱ्या शासनाची ही भीक आम्हांस नको.’ ते लिहिताना मला अभिमान वाटला होता. साहेबाला मागणी वाचायची गरज उरली नाही. ‘नको’ एवढे त्याला पुरले. पाच वर्षे आमचा प्रत्येक अर्ज त्या पानाला टाचला जात होता आणि तिथेच संपत होता.

बसस्थानकाच्या बाकावर वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, “मी असं म्हनले हुते का, गुर्जी?”

“नाही, वहिनी.”

“मंग?”

चाळीस वर्षे मुलांना उत्तरे विचारणारा मी… त्यांनी पिशवीतून पेरू काढला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “जाऊ द्या. या टायमाला साधं लिवा.”

मी साधे लिहिले, दोन वर्षे लिहिले. पण फाइलीतला शेरा तसाच राहिला. पुढारी आज ज्याला बाणेदारपणा म्हणतात तो वहिनींचा नव्हता. माझ्या एका वाक्याचा होता. आणि पुढाऱ्यांना तो का आवडतो, हेही मला कळते. मेलेल्याच्या आईला निःस्पृह ठरवले की देणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते. आता सविता वारस म्हणून तोच दावा पुढे चालवणार आहे, आणि छापून आलेले ते कौतुक फाइलीत दुसरा शेरा म्हणून टाचले जाईल, अशी मला धास्ती आहे. म्हणून हा लेख.

वहिनी गेल्या त्या आठवड्यात माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. पट्टी बांधून मी पडून होतो. शुक्रवारी दुपारी माहेरी आलेल्या सविताचा फोन आला : “गुर्जी, आई जेवून टेकली ती उठलीच न्हाई.” मला चितेपर्यंतही जाता आले नाही. तेराव्याच्या सभेतून परतल्यावर सविताने ती काळी पिशवी माझ्यापुढे ठेवली. ती म्हणाली, “आईनं तुमाला सांगू नगं म्हनलं हुतं. डोळं बरं हुईस्तवर गुर्जींना तरास नगं, म्हनली.” सगळ्यात वर एक कागद होता. अक्षर सविताचे, सही वहिनींची. ‘भ’ची गाठ नेहमीसारखी सुटलेली. त्यावर तीन वाक्ये आहेत : ‘माझा मुलगा दत्तू स्फोटात मेला. इतरांना दिले तेवढे मला द्यावे. मी नाकारलेले नाही.’ खाली कचेरीचा आवक शिक्का आहे, शाई जराही फिसकटलेली नाही, आणि त्यातली तारीख वहिनी गेल्या त्याच आठवड्यातल्या सोमवारची आहे.