तारा समोर न आल्यामुळे

ज्यांची कामं वेळेवर होतात त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. किस्से साठतात ते वाट बघणाऱ्यांकडे. दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता माझ्याकडे पोतंभर साठलेत.

माझी पीएचडी क्वेसारवर. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा धगधगता गाभा. मधे कृष्णविवर, भोवती तापलेल्या वायूची तबकडी. दुर्बिणीतून मात्र नुसता ठिपका. पण वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे माझ्या क्वेसारच्या चार प्रतिमा दिसतात. त्या दीर्घिकेतला एखादा तारा एका प्रतिमेसमोर आला, की भिंगासारखा तिला उजळवतो. आतला निळा प्रकाश जास्त वाढतो, बाहेरचा लाल कमी. त्या फरकावरून आतली रचना मोजायची. तारा कधी येणार, ही त्याची मर्जी.

हे मी लॅब अटेंडंट शंकरभाऊंना समजावलं. ते म्हणाले, "लोक मधात कोणी आलं का चिडते मॅडम. तुमी कोणी येऊन नाही राह्यलं म्हणून चिडता."

*

वार्षिक अहवालात 'विलंबाचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'तारा समोर न आल्यामुळे'.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मोठ्या बाबूंचा फोन. "या तारा मॅडम कोण्या डिपार्टमेंटच्या? नोटीस काढून देतो."

*

एकदा पहिली प्रतिमा उजळायला लागली. मी लगेच पेढे आणले. केमिस्ट्रीच्या वानखडे मॅडमनी तीन खाल्ले. मग बाकीच्या प्रतिमाही एकेक करून तशाच उजळल्या. म्हणजे क्वेसार स्वतःच भडकला होता, समोर कोणी आलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या टायमाले जिलबी आण. पेढ्याचा गुण नाही येऊन राह्यला."

*

मला बघायला पाहुणे आले होते. मी आतल्या खोलीत दुर्बिणीचे नवे आकडे आले का म्हणून ईमेल तपासत होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी काय करते?"

आई कंटाळली होती. "वाट पाहते," ती म्हणाली.

पाहुण्यांना ते फार आवडलं.

*

माझे गाइड निवृत्त होऊन मारेगावला राहायला गेले. हा विषय तरुणपणी त्यांनाच करायचा होता, पण तेव्हा इकडच्या कॉलेजात दुर्बिणीचे आकडे कोण पाठवणार? पुढे त्यांना अर्धांगवायू झाला, बोलणं आटलं. मी गेले की एकच शब्द विचारायचे, "आला?" मी नाही म्हणून मान हलवायची आणि परतीच्या जीपमध्ये नको ते हिशेब मनात यायचे, आधी काय होईल याचे.

गेल्या महिन्यात फक्त तिसरी प्रतिमा उजळली. बाकीच्या तिन्ही शांत. निळी रेघ लाल रेघेच्या कितीतरी वर. सगळं दोनदा तपासून घेतलं, आलेखाची प्रिंट काढली आणि मारेगाव गाठलं.

सर बनियनवर खाटेवर बसले होते. "आला?"

"आला, सर."

मी कागद पुढे केला. त्यांनी तो न बघता पालथा ठेवला आणि काकूंना म्हणाले, "शर्ट दे. इस्त्रीचा."

काकूंनी त्यांना शर्ट घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. सरांनी डाव्या हाताने केस सारखे केले.

"हं," ते म्हणाले. "दाखव."