चार म्हशींची लेव्हल

साहेबांची पाणसळ माझ्या बुडाखाली फुटली, तेव्हा आम्ही हातखंब्याजवळच्या कातळावर शाळेचं जोतं घालायला निघालो होतो. पाणसळ म्हणजे काचेची नळी, आत पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जांभ्या दगडाचा चिरा सपाट बसला. मी बिडी ओढायला टेकलो, तो बरोबर तिच्यावर.

वेळ वाईट होती. आमचा मुकादम मुंबईला गिरणीत गेलेला. त्याच्या जागी साहेब मला नाहीतर माझ्या जोडीच्या सखारामला नेमणार होते. चिरे वाहून माझी मान आखूड झाली होती, आणि मुकादमाला चिरा उचलावा लागत नाही. मला ती जागा हवीच होती.

ओव्हरसियर साहेब पुण्याचे. शिव्या देत नसत, पुस्तकातलं सांगत.

"दुसरी पाणसळ यायला पंधरा दिवस लागतील. धाकू, मिसर देशात हजारो वर्षांपूर्वी डोंगराएवढे पिरॅमिड बांधले. त्यांच्याकडे कुठे होती काचेची नळी?"

"नव्हती, साहेब." मिसर कुठल्या दिशेला, हेही मला ठाऊक नव्हतं.

"ते म्हणे चौफेर चर खणायचे आणि पाणी भरायचे. उभं पाणी सगळीकडे एकाच उंचीला राहतं. त्याच्या खुणा घ्यायच्या, झाली लेव्हल. जमेल?"

सखाराम तोंड उघडतोय तोवर मी म्हटलं, "जमेल तर. माझे आजोबा असंच करायचे."

आजोबा जन्मभर होडीवर होते.

चर खणला. जवळच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पाट काढून आत सोडलं. दोन तासांत चर कोरडा. जांभा पाणी पितो हे इथल्या शेळीलाही कळतं, पण मी गवंडी.

रखुमाकाकी म्हशी घेऊन चालली होती, ती थांबली. "धाकू, कातळाला पाणी घालून काय उगवणार रे?"

"शाळा, काकी."

मग चराला आतून चिकणमाती आणि शेण लिंपलं. पाणी ठरलं. पाट बंद केला. चरात खुंट्या ठोकून पाण्याच्या रेघेशी खाच पाडत गेलो. पूर्वेची बाजू झाली, आणि सगळे जेवायला गेलो.

जेवून पश्चिमेला लागलो. सखाराम म्हणाला, "धाकूदादा, पाणी चढलंय वाटतं."

"माती मुरली की पाणी वर येतंच. मिसरात असंच असतं."

 मी त्या पाण्याला खाचा पाडून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी खाचांना दोरी लावून दोन्हीकडून चिरे बसवत आलो. मधे गाठ पडली तर एक बाजू चार बोटं उंच. साहेब वाकून बघत राहिले. तेवढ्यात रखुमाकाकी म्हशी घेऊन आली, ती तणतणतच.

"काय रे मेल्या, चरात शेण कशाला लिंपलंस? काल दुपारी माझ्या चारही म्हशी आत जाऊन बसल्या. दिवस मावळेस्तोवर उठल्या नायत."

"कुठे बसल्या?"

"त्या दगडांच्या ढिगामागे. तू पलीकडे खुंट्यांशी बोलत होतास."

साहेबांनी म्हशी मोजल्या. मग बोटं मोजली.

मी म्हटलं, "साहेब, मिसरात म्हशी नसतील."

"असतील," साहेब म्हणाले. "पण त्यांचा गवंडी चराभोवती एक फेरी मारत असेल."

चिरे उपटायला तीन दिवस गेले. मुकादम सखाराम झाला. त्याने पुन्हा पाणी भरलं, आणि एकाच सकाळी चारही बाजूंच्या खुणा घेतल्या. पुढे नवी पाणसळ आली, ती जोत्यावर ठेवली, तर बुडबुडा जागचा हलला नाही. मिसरवाल्यांचं काही चुकलं नव्हतं.

खुणा घेतल्या त्या सकाळी सखारामने मला ढिगामागे बसवलं होतं, म्हशी हाकायला. म्हणाला, "धाकूदादा, ह्या कामाचा अनुभव तुमच्याएवढा कुणाला नाय."

पुढे मी पुष्कळ जोती घातली. लेव्हल कशानेही घ्या, आधी पाण्यात कोण बसलंय ते बघून या.