निवलं का?

बाटली उघडण्याआधी लेबल मोठ्यानं वाचायचं, खोलीत दुसरं कुणी नसलं तरी. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघायचं. चहा पार निवल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. फोन उचलल्यावर आधी गप्प राहायचं. डाव्या बाहीला तीन भोकं पडलेला शर्ट कामाला, धड शर्ट कपाटात, कधीतरी लागेल म्हणून.

तो कधीतरीचा शर्ट घडी न मोडता तसाच राहिला.

शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली. मुलं त्यांना सोडाकाका म्हणत. कुठं काही सांडलं की ते धुण्याच्या सोड्याची बरणी घेऊन हजर, म्हणून. त्यांना ते नाव आवडत असावं. निदान हाकेला ओ देत.

शाळा नव्या इमारतीत निघाली होती. जुनी प्रयोगशाळा पुढच्या शनिवारपर्यंत रिकामी करून द्यायची होती. मागच्या कपाटात जुन्या आम्लाच्या आठ बाटल्या निघाल्या. हेडक्लार्क दारातूनच म्हणाले, "काका, बेसिनमध्ये सोडा आणि मोकळे व्हा."

"तेच करतोय साहेब. सोडा."

"तो सोडा नव्हे हो! ओता म्हणतोय, ओता!"

"हे बेसिन मागच्या गल्लीत निघतं. तिथं गटारात कुणाचा हात असेल ते तुम्हाला इथून दिसतं का?"

हेडक्लार्क गेले. जाताना, "शनिवार म्हणजे शनिवार," एवढं बजावून.

नव्या ग्रंथपालाची पुस्तकं तोवर खोक्यांत गेली होती. साहित्य शिकलेला पोरगा, हाताला काम नाही. तो रोज दुपारी येऊन प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर बसे. फरशीवर खडूची एक रेष होती. काका ती रोज सकाळी पुन्हा ओढत. स्टूल रेषेच्या अलीकडे. पलीकडे फक्त काका.

ते खिडक्या उघडत. रबरी हातमोजे, मोठा चष्मा, अॅप्रन. आधी टबात भरपूर गार पाणी. मग त्यात आम्ल, काचेच्या कांडीवरून, दोऱ्याएवढ्या धारेनं. टब गरम व्हायचा. मग थांबायचं. टब निवला की सोडा, एक चमचा. फेस उसळायचा, चरचरायचा, बसायचा. मग दुसरा चमचा. शेवटी लिटमस. निळी पट्टी लाल झाली तर अजून आम्ल आहे. निळी निळीच आणि लाल लालच राहिली, की मग नळ पूर्ण सोडून ते पाणी बेसिनमध्ये. एक नारिंगी बाटली मात्र त्यांनी न उघडता बाजूला ठेवली. तिच्यात जड धातू होते. "ही निवली तरी गटारात जायची नाही. हिला न्यायला वेगळी गाडी येते," ते म्हणाले.

दिवसाला एकच बाटली व्हायची.

"काका, सगळा सोडा एकदम टाकला तर?"

"उतू जाईल. तुझ्या स्टुलापर्यंत येईल."

"आणि आम्लातच पाणी ओतलं तर?"

काकांनी चमचा बरणीत उभा केला. "तर ते उकळून तोंडावर उडतं. ते मी एकदा केलंय. घरी."

"घरी आम्ल?"

"आम्ल नव्हे. लेक."

लेकीनं न सांगता लग्न केलं होतं. नवऱ्याला घेऊन दाराशी आली, तेव्हा काका एकच वाक्य बोलले. कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. ती चप्पल न काढताच माघारी गेली. त्याला अकरा वर्षं झाली. तिची आई त्याआधीच गेलेली, त्यामुळे मध्ये पडायला घरात कुणी नव्हतं.

तेव्हापासून ते तिला दर महिन्याला एक कार्ड टाकत. कार्डावर एकच ओळ. खिडकीची काच बदलली. गुडघा बरा आहे. शाळेला रंग दिला.

"अहो, माफी कधी मागणार?" ग्रंथपालाला राहवलं नाही.

"चमचा चमचा," काका म्हणाले.

गेल्या महिन्यात तिचं उत्तर आलं होतं. कार्डावर नाव नाही, मजकूर नाही, फक्त फोन नंबर. काकांनी तो लिटमसच्या पुस्तिकेच्या पाठीवर उतरवून ठेवला होता. कार्ड घरी, नंबर सतत खिशात.

"मग फेस बसला की! लावा आत्ता. हा घ्या माझा फोन."

"बाटल्या होऊ देत. डोक्यात दुसरं काही असलं की हात चुकतो. शनिवारी लावतो."

"काका, माणसं म्हणजे आम्ल नव्हे."

"तू पुस्तकं वाचलीस बाबा," ते म्हणाले आणि पट्टी बुडवली.

शुक्रवारी शेवटची बाटली निघाली. सगळ्यांत तीव्र. पाण्यात मिसळल्यावर टब संध्याकाळपर्यंत निवला नाही. शाळा बंद व्हायची वेळ झाली. काकांनी टबावर जाळी ठेवली, तिच्यावर दगड, आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: अर्धवट आहे. हात लावू नये. सकाळी करतो. सकाळी लागेल म्हणून पुस्तिका खिशातून काढून बरणीशेजारी ठेवली. कुलूप दोनदा ओढून बघितलं.

शनिवारी ते आले नाहीत. दुपारी शेजाऱ्यांचा निरोप आला. सकाळी चहा ठेवून खुर्चीत बसले, ते बसलेच.

शाळेकडे त्यांच्या माणसाचा पत्ता नव्हता. नंबर फक्त ग्रंथपालाला ठाऊक होता. त्यानं प्रयोगशाळा उघडली, पुस्तिका उलटी केली आणि फोन लावला.

"मी तुमच्या वडिलांच्या शाळेतून बोलतोय."

पलीकडे बराच वेळ काही नाही. ती बापावर गेली असावी. मग तिनं एक लांब श्वास सोडला. हसल्यासारखा.

"लावला म्हणजे शेवटी. द्या, बाबांना द्या."

त्यानं स्टूल ओढलं, बसला आणि तिला सांगितलं.

सोमवारी ती काकांचं सामान न्यायला शाळेत आली. सामान म्हणजे छत्री, डबा आणि तीन भोकांचा शर्ट. हेडक्लार्क तिच्याकडे न बघता म्हणाले, "सावकाश होऊ द्या. खोलीची घाई नाही."

दाराशी ती थांबली. शुक्रवारची खडूची रेष फिकट झाली होती. तिनं ती ओलांडली नाही. स्टूल ओढून अलीकडे बसली. ही रेष पहिल्यांदा कुणासाठी ओढली होती, ते ग्रंथपालाला तेव्हा कळलं.

"लहानपणी मी दर दोन मिनिटांनी त्यांना विचारायची," ती म्हणाली. मग टबाकडे बघत तिनं विचारलंच. "निवलं का?"

त्यानं हातमोजे आणि चष्मा चढवला. जाळी बाजूला केली. टब केव्हाच गार झाला होता. त्यानं निळी पट्टी बुडवली.

लाल.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

बरणीत चमचा उभा होता, काकांनी रोवला होता तसाच.